मुंग्या कुणी मोजायच्या?

केमोच्या प्रत्येक सायकलच्या, म्हणजे फेरीच्या, आधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी किती, प्लेटलेट्स किती, हिमोग्लोबिन किती, क्रिएटिनिन किती. काउंट खाली असले तर त्या दिवशी औषध लावत नाहीत, आठवडाभर थांबायला सांगतात. त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. पेशंट हिरमुसतो, सोबतचा माणूस पुढची तारीख लिहून घेतो आणि दोघं घरी परततात.

त्याच भेटीत, बहुतेकदा डॉक्टरांची नजर कॉम्प्युटरवर असताना, आणखी एक प्रश्न येतो. "हातापायांना मुंग्या वगैरे?" पेशंट म्हणतो, "थोड्या." नोंद होते ग्रेड १, म्हणजे त्रासाची सर्वांत खालची पायरी, आणि नसांची तपासणी आटोपते.

याला तपासणी म्हणणं मला मान्य नाही. केमोमुळे नसांना, म्हणजे संवेदना वाहणाऱ्या तंतूंना, होणारी इजा पहिल्या डोसच्या आधीपासून, प्रत्येक सायकलला आणि शेवटची सायकल होऊन गेल्यावरही रक्ताच्या काउंटइतक्याच शिस्तीने मोजली गेली पाहिजे. आणि ती मोजण्याचं मुख्य साधन पेशंटचं स्वतःचं सांगणं हेच असलं पाहिजे, यंत्र किंवा डॉक्टरांचा अंदाज त्यानंतर. पहिल्या मागणीला फारसा कुणाचा विरोध असायचा नाही. वाद दुसऱ्या मागणीवर आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

आधी नसेत घडतं काय ते. सगळीच केमो नसांवर उठत नाही. उठणारी औषधं ठरावीक आहेत: पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, सिसप्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन, बॉर्टेझोमिब, थॅलिडोमाइड. पण स्तन, अंडाशय, फुप्फुस, मोठं आतडं आणि रक्ताचे अनेक कॅन्सर यांच्या उपचारात रोज वापरली जाणारी औषधं म्हणजे हीच. पायाच्या अंगठ्याची जाणीव वर नेणारी जी पेशी असते, तिचा मुख्य भाग कमरेपाशी कण्यालगतच्या एका गाठीत बसलेला असतो आणि तिचा तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत जातो. मोठ्या माणसात ही लांबी जवळपास १ मीटर भरते. एवढ्या लांबच्या टोकाला लागणारं सगळं सामान त्या गाठीतूनच जायचं, तंतूच्या आत अंथरलेल्या सूक्ष्म नलिकांच्या रुळांवरून. कॅन्सरच्या पेशीला दुभंगताना याच नलिका लागतात, म्हणून औषधांचा रोख त्यांच्यावर असतो. पॅक्लिटॅक्सेल हे रूळ जागच्या जागी गोठवतं, व्हिन्क्रिस्टीन ते जुळूच देत नाही. नसेची पेशी दुभंगत नाही, पण तिची मालवाहतूक त्याच रुळांवर चालते, आणि ती अडते. प्लॅटिनमच्या औषधांची, म्हणजे सिसप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिनची, तऱ्हा वेगळी. ती गाठीतल्या पेशीच्या डीएनएलाच जाऊन चिकटतात. मेंदूला रक्तातल्या विषापासून राखणारा पडदा या गाठींभोवती तेवढा घट्ट नसतो, त्यामुळे औषधाला तिथे शिरायला फारशी आडकाठी होत नाही.

जिथवर पोचायला सर्वांत लांब, तिथे नुकसान सर्वांत आधी. पायाची बोटं, मग तळवे, मग हाताची बोटं. मोजे आणि हातमोजे जेवढा भाग झाकतात, नेमका तेवढाच.

यातली एक खोड मोजणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. विशेषतः प्लॅटिनमच्या औषधांत, उपचार थांबल्यावरही बधिरपणा काही महिने वाढत राहतो. उतारावर पेडल मारणं थांबवलं तरी सायकल पुढे जातच राहते, तसं. डॉक्टर त्याला 'कोस्टिंग' म्हणतात. म्हणजे पेशंट आज जे सांगतो आहे ते हिशेबाचं शेवटचं पान नसतं, बरंच यायचं बाकी असतं. त्रास चांगला ठळक दिसेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर थांबण्याची वेळ टळून गेल्यावरच तो ठळक दिसतो.

हा त्रास किती जणांना होतो? २०१४ मध्ये ३१ अभ्यासांतल्या ४ हजारांहून जास्त पेशंटांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. केमो संपल्यावर पहिल्या महिन्यात ६८ टक्क्यांना, तीन महिन्यांनी ६० टक्क्यांना आणि सहा महिने किंवा त्यानंतरही ३० टक्क्यांना नसांचा त्रास होता. अमेरिकेत कॅन्सरमधून बाहेर आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर सरासरी सहा वर्षं उलटली होती, तरी ४७ टक्के स्त्रिया हातापायांची तक्रार सांगत होत्या, आणि त्यांच्यात पडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या १.८ पट होता. कॅन्सर गेलेल्या बाईचं खुब्याचं हाड मोडतं तेव्हा ते केमोच्या खात्यावर कुणी लिहीत नाही.

आता ग्रेडकडे. जगभर बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने केलेली दुष्परिणामांची मोजपट्टी वापरतात. तिची पाचवी आवृत्ती २०१७ ची. संवेदनेच्या नसांसाठी तीत ग्रेड १ म्हणजे काहीच लक्षण नाही. ग्रेड २ म्हणजे मध्यम त्रास, ज्याने स्वयंपाक, खरेदी, फोन वापरणं अशा कामांत अडचण येते. ग्रेड ३ म्हणजे तीव्र त्रास, ज्यात अंघोळ, कपडे घालणं, जेवणं हेही अवघड होतं. ग्रेड ४ म्हणजे जिवावर बेतलेलं. बारकाईने वाचा. ज्याला हलक्या मुंग्या रोज येतात पण काम अडत नाही, तो या पट्टीवर बसतो कुठे? लक्षण आहे, म्हणून एकमध्ये नाही. अडचण नाही, म्हणून दोनमध्ये नाही. त्याच यादीत मुंग्यांसाठी दुसऱ्या नावाचा वेगळा रकाना आहे हे खरं, पण घाईच्या ओपीडीत दोन रकाने उघडून कोण बसतो? मग सगळे हलके पेशंट ग्रेड १ मध्ये ढकलले जातात. 'लक्षण नाही' असा अर्थ असलेल्या खान्यात लक्षणं असलेली माणसं भरली जातात.

आणि 'कामात अडचण' ही तरी कुणाच्या कामात? दिवसभर खुर्चीत बसून बोलण्याचं काम करणाऱ्याला बोटांची टोकं बधिर झाल्याचं महिनाभर जाणवणार नाही. शिवणकाम करणारी, तबला वाजवणारा, घड्याळं दुरुस्त करणारा यांची रोजीरोटी त्याच बधिरपणाने बुडते. इजा तेवढीच, ग्रेड वेगळा. उलटही होतं. माणूस हुशार असतो, वाट काढतो. बटणं लागेनाशी झाली की गळ्यातून घालायचे कपडे वापरतो, जिना टाळतो, बारीक चिल्लर मोजायची तर पाकीटच समोरच्याच्या हातात देतो. मग विचारलं की "अडचण नाही" हेच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. अडचण येणारं काम त्याने सोडूनच दिलेलं असतं.

हे ग्रेड देणारे तज्ज्ञ तरी आपसांत एकमताचे असतात का? नेदरलँड्समध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात दोन न्यूरॉलॉजिस्टनी तेच पेशंट स्वतंत्रपणे तपासले आणि प्रचलित मोजपट्ट्यांवर ग्रेड दिले. दोघांचे ग्रेड बऱ्याच पेशंटांत जुळले नाहीत. हे दोघे नसांचेच डॉक्टर होते, एवढं लक्षात ठेवा.

इथे थोडं भाषेबद्दल बोलते, कारण आपल्यापुरता निम्मा घोळ तिथेच आहे. आपण 'नस' म्हणतो ते रक्तवाहिनीलाही आणि संवेदना वाहणाऱ्या तंतूलाही. "औषधाने नसा खराब होतात" असं ऐकल्यावर पेशंट सुई टोचलेल्या काळवंडल्या शिरेकडे बोट दाखवतो आणि "हो, झाल्यात" म्हणतो. दुसरा शब्द 'मुंग्या'. मांडी घालून बसल्यावर येतात त्याही मुंग्याच, पाय झटकला की गेल्या. इतका घरगुती शब्द वापरून विचारलं की उत्तरही तसंच हलकं येतं. बधिरपणा, झिणझिण्या, आग, चमक, कापसावर चालल्यासारखं वाटणं, पायाला मोजा चिकटून राहिल्यासारखं वाटणं, या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बधिर पाय दुखत नाही, म्हणून त्याची तक्रारच होत नाही, पण पडतो माणूस त्याच पायामुळे. एका शब्दात हे सगळं कोंबून विचारायचं आणि आलेल्या एका शब्दावरून ग्रेड लिहायचा, ही मोजणी कशी?

प्रश्न नीट विचारण्याची सोय आहे, ती नव्याने शोधायला नको. युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची २० प्रश्नांची प्रश्नावली २००५ पासून उपलब्ध आहे. ती मुंग्या आणि बधिरपणा वेगळे विचारते, हात आणि पाय वेगळे विचारते. पाण्याचा गरम-थंडपणा कळतो का, पेन धरता येतं का, बारीक बटण लागतं का, जमीन पायाखाली जाणवत नसल्यामुळे उभं राहायला त्रास होतो का, उठून उभं राहताना चक्कर येते का. गेल्या आठवड्यापुरतं, आणि उत्तरं 'अजिबात नाही' पासून 'खूप' पर्यंत चार पायऱ्यांत. पेशंटने बाहेर बसल्या बसल्या भरावी इतकी ती सोपी आहे. एवढाही वेळ नसेल तर अमेरिकन इन्स्टिट्यूटने पेशंटांसाठी केलेल्या यादीत याबद्दल फक्त दोन प्रश्न आहेत: मुंग्या-बधिरपणा जास्तीत जास्त किती होता, आणि त्याने रोजच्या कामात किती व्यत्यय आला.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. पेशंटचं सांगणं म्हणजे त्याच्या मनाचा खेळ, मशीन लावा आणि खरं काय ते बघा. मशीन आहे. नसेतून विजेचा संदेश किती जोरात आणि किती वेगाने जातो हे तपासणारी नर्व्ह कंडक्शन चाचणी. पण ती जाड तंतूंचं सांगते. आग होणं, गरम-थंड न कळणं हे बारीक तंतूंचं दुखणं, आणि तिथे या चाचणीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन, जळत्या तळव्यांनी घरी जाणाऱ्या पेशंटला आपण काय सांगणार, की तुमचे पाय जळतच नाहीत? शिवाय दर सायकलला ती करणं ना शक्य ना गरजेचं. रक्तातली काही प्रथिनं मोजून नसांची इजा ओळखण्याचं संशोधन चालू आहे, त्यातून पुढेमागे उपयोगाचं काही निघेलही. तोपर्यंत या आजारात पेशंटचा शब्द हेच मोजमाप आहे. तो शब्द कमी लेखणं म्हणजे थर्मामीटर फेकून देऊन कपाळाला हात लावणं.

शरीराची तपासणी नको, असं मात्र मी म्हणत नाही. १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा, थरथर किती वेळ जाणवते ते बघायचं. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टोचून बघायचा. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया. डोळे मिटून उभं राहता येतं का. खुर्चीतून उठून चार पावलं चालताना काय होतं. या वस्तू स्वस्त आहेत, वर्षानुवर्षं टिकतात, आणि शिकवलेली नर्स काही मिनिटांत हे सगळं करू शकते. अशी तपासणी आणि पेशंटचं सांगणं एकत्र करून गुण देणाऱ्या पद्धतीही तयार आहेत, लहान मुलांसाठी वेगळी आहे. फक्त एक पथ्य: हे सगळं पहिल्या डोसच्या आधी एकदा झालेलं असलं पाहिजे. ज्याला मधुमेहामुळे आधीच पाय बधिर आहेत, किंवा ज्याच्या घराण्यात नसांचा आनुवंशिक आजार आहे, त्याची सुरुवातच वेगळ्या रेषेवरून होते. शार्को-मारी-टूथ नावाच्या आनुवंशिक आजारात व्हिन्क्रिस्टीनचे मोजके डोससुद्धा हातापायांची ताकद घालवू शकतात, आणि काही जणांत तो आजार असल्याचं पहिल्यांदा कळतं तेच केमो दिल्यावर.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो डॉक्टरांकडून येत नाही, पेशंटकडून येतो. पेशंटच खरं सांगत नसेल तर?

माझ्या मावशीने सांगितलं नाही. प्रत्येक सायकलला मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होते, आणि प्रत्येक वेळी ती "थोड्या" म्हणाली. ती शिवणकाम करायची. चौथ्या सायकलपासून तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, हे मला सगळं संपल्यावर कळलं. का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "सांगितलं असतं तर औषध कमी केलं असतं ना. मग कॅन्सर परत आला असता तर?" मी गप्प बसले. तिचा हिशेब चुकीचा होता असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. चूक एवढीच की तो तिने एकटीने केला, हातात काहीही माहिती नसताना.

म्हणून मला वाटतं, नसांची मोजणी आणि डोस कमी करणं या दोन गोष्टी पेशंटसमोर पहिल्याच दिवशी वेगळ्या करून ठेवाव्यात. तुम्ही सांगितलंत म्हणून औषध आपोआप कमी होणार नाही, आपण मिळून ठरवू, असं स्पष्ट बोलावं. काही ठिकाणी डोस रेटणंच शहाणपणाचं असतं. वृषणाचा कॅन्सर पसरला असला तरी सिसप्लॅटिनने बहुतेकदा पूर्ण बरा होतो. लहान मुलांच्या ल्युकेमियात व्हिन्क्रिस्टीन हा उपचाराचा कणा आहे. तिथे बधिर बोटांची किंमत मोजायला कुणीही तयार होईल, आणि व्हावंही. पण सगळीकडे असं नसतं. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर सहा महिने ऑक्सॅलिप्लॅटिनवर आधारित केमो द्यायचा शिरस्ता होता. तीन महिने पुरतात का, हे १२,८३४ पेशंटांच्या सहा चाचण्या एकत्र करून तपासलं गेलं आणि २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी आजाराविना असलेले पेशंट होते ७४.६ टक्के तीन महिन्यांच्या गटात, आणि ७५.५ टक्के सहा महिन्यांच्या गटात. नसांचा ग्रेड २ किंवा वरचा त्रास मात्र, एका प्रचलित औषधजोडीत, तीन महिन्यांच्या गटात १६.६ टक्के आणि सहा महिन्यांच्या गटात ४७.७ टक्के. सरसकट सगळ्यांना तीन महिने पुरतात असं त्यातून सिद्ध झालं नाही. जास्त जोखमीच्या पेशंटांत सहा महिन्यांचा थोडा फायदा दिसला, कमी जोखमीच्यांत फरक जवळपास नव्हता. पण निर्णयाला लागणारे दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले, म्हणून तर आज डॉक्टर आणि पेशंट समोरासमोर बसून तीन की सहा हे बोलू शकतात.

या चाचणीत ग्रेड २ मोजला गेला, हे अधोरेखित करण्यासारखं आहे. औषधांच्या कितीतरी निबंधांत ठळक तक्त्यात फक्त ग्रेड ३ आणि वरचे दुष्परिणाम असतात. म्हणजे जो अजून स्वतःचे कपडे स्वतः घालतो, त्याची गणतीच नाही. असा तक्ता वाचून औषध 'सहज सोसण्याजोगं' ठरतं. सोसणाऱ्याला कुणी विचारलं होतं का?

बॉर्टेझोमिबचंही उदाहरण बघा. तेच औषध शिरेतून देण्याऐवजी त्वचेखाली दिलं, तर नसांचा त्रास ५३ टक्क्यांवरून ३८ वर येतो आणि तीव्र त्रास १६ वरून ६ वर, हे २०११ मध्ये समोर आलं. औषधाचा परिणाम कमी झाला नाही. कुणीतरी नसा नीट मोजल्या होत्या म्हणून सुईची जागा बदलली.

काही डॉक्टर, आणि चांगले डॉक्टर, म्हणतात: मोजून उपयोग काय, उपचार तर नाही. अर्धं खरं आहे. हा त्रास टाळणारं भरवशाचं औषध आज नाही, आणि झालेल्या दुखण्यावर ज्याची शिफारस केली जाते ते एकच, ड्युलोक्सेटिन, तेही वेदनेसाठी, बधिरपणासाठी नाही. पण उपचार नाही म्हणून पेशंट स्वस्थ बसत नाही. तो कुणीतरी सुचवलेल्या गोळ्या घेतो. ॲसिटिल-एल-कार्निटीन हे 'नसांचं टॉनिक' म्हणून घेतलं जाई. पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं घेणाऱ्या स्त्रियांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला की त्याने त्रास उलट वाढतो. हेही मोजल्यामुळेच कळलं. शिवाय कॅन्सरच्या पेशंटचे पाय बधिर होण्याचं कारण दरवेळी केमोच असतं असं नाही. बी-१२ ची कमतरता असू शकते, मधुमेह असू शकतो. क्वचित मणक्यात पसरलेली गाठ मज्जारज्जूवर दाबत असते, आणि तिथे तासांना महत्त्व असतं. "केमोच्या मुंग्या आहेत, जातील" असं म्हणून सोडून दिलेल्या पेशंटात हे निसटू शकतं. आणि काहीच करण्यासारखं नसलं तरी, अंघोळीचं पाणी आधी कोपराने बघा, अनवाणी फिरू नका, रात्री दिवा लावल्याशिवाय उठू नका, हे सांगायला तरी आपल्याला माहीत असायला हवं ना?

वेळेचा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. पेशंटने स्वतःची लक्षणं नियमित कळवावी आणि ती बिघडली की नर्सला सूचना जावी, अशी व्यवस्था न्यूयॉर्कमध्ये ७६६ पेशंटांवर तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: लक्षणं कळवणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीच्या गटाचं २६. त्यात नसांखेरीज इतरही बरीच लक्षणं होती, त्यामुळे श्रेय एकट्या मुंग्यांना देता येत नाही. पण ज्याने पाच महिने वाढतात असं औषध बाजारात आलं असतं, तर त्यासाठी वेळ काढला गेला नसता का? एक भीती मात्र मला खरी वाटते. फॉर्म भरून घ्यायचे आणि फाइलीत लावून टाकायचे, कुणी वाचायचे नाहीत. तसं होणार असेल तर फॉर्म नसलेलाच बरा. दोन वेळा लिहून दिलेलं कुणी वाचलं नाही हे कळलं, की तिसऱ्या वेळी पेशंट सगळीकडे 'अजिबात नाही' वर खूण करून मोकळा होतो.

राहिला शेवटच्या सायकलनंतरचा काळ. कोस्टिंगमुळे त्रास टिपेला पोचतो तो तेव्हा, आणि त्याच काळात पेशंटच्या भेटी विरळ होतात. भेटीत स्कॅन बघतात, रक्त बघतात, 'सगळं छान आहे' म्हणतात. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तीच प्रश्नावली आणि तोच ट्यूनिंग फोर्क पुन्हा काढायला हवा. आकडा वाढलेला दिसला तर फिजिओथेरपिस्टकडे, गरज पडल्यास न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायला हवं.

मावशीची फाइल माझ्याकडे आहे. शेवटच्या सायकलच्या पानावर ग्रेड १ लिहिलेलं आहे आणि त्यापुढच्या पानांवर तो रकाना कोरा आहे. तिचे स्कॅन आजवर स्वच्छ आले आहेत. शिवणाचं मशीन तिने भाचीला देऊन टाकलं. जिना उतरताना ती अजून प्रत्येक पायरीकडे बघते, कारण पाऊल टेकलं की नाही हे तिला डोळ्यांनीच कळतं.